चौथी पायरी

मी माती तोलते. नोकरीच ती.
रॅम्सीच्या पूर्वेला, जिथं रान ताटासारखं सपाट
आणि चर पट्टीनं आखलेले,
तिथं बांधाबांधावर माझे सापळे आहेत :
उंदरांचे नाहीत, वाऱ्याचे.
घोट्याएवढ्या, गुडघ्याएवढ्या, कमरेएवढ्या उंचीवर
पत्र्याची तोंडं उघडून उभे.
वारा येतो, जे नेत असतो त्यातलं थोडं सांडतो,
मी ते पिशवीत भरते, तारीख घालते.

त्या एप्रिलमध्ये सापळेच सापडेनात.

आधी आभाळाच्या कडेला मळकट रेघ,
कुणी खोडरबर घासल्यासारखी.
मग दाताखाली कचकच,
मग कानांत, मग घड्याळाच्या काचेआड.
दुपारी दोनला रस्त्यावर गाड्यांचे दिवे लागले.
काळी, हलकी, जळक्या कागदासारखी माती.
हजारो वर्षं पाण्याखाली निजलेली,
माणसांनी पाणी उपसलं तशी जागी झाली
आणि जागं झाल्यावर पुष्कळजण करतात
तेच तिनं केलं.
निघून गेली.

संध्याकाळी हेडली सेचेलला शेजारच्या फोवार्ग बाईंचा फोन :
"तुझं शेत माझ्या चरात येऊन पडलंय,
बीटाच्या बियांसकट. नेतोस, की ठेवू?"
हेडली मोठ्यानं हसला.
फोन ठेवला, आणि बराच वेळ
नळ सोडून हात धूत राहिला.

त्याच्या स्वयंपाकघराच्या दाराला चार पायऱ्या.
सगळ्यात वरची विटांची, आजोबांची.
खालची बापानं घातली, जुन्या फरशीची.
तिसरी काँक्रीटची, त्याची स्वतःची;
ओली असताना पोरीनं पंजा उमटवलाय तिच्यावर.
चौथी म्हणजे बटाट्याची लाकडी पेटी, उपडी घातलेली.
घर खांबांवर आहे, ते तसूभर हललं नाही.
भुईच खाली गेली.

माणसानं पायरीनं राहावं,
असं आमच्या घरी सारखं म्हणत.
हे मी त्याला सांगायला गेले,
पण इंग्रजीत त्याचा नुसता जिना झाला.

पुढच्या वर्षी त्यानं बीटाच्या ओळींमध्ये जव पेरले.
खायला नाही, विकायला नाही, बैलाच्या तोंडीसुद्धा नाही.
नुसता आडोसा.
वीतभर होऊ द्यायचे, वारा अडवू द्यायचा,
बीटानं मूळ धरलं की औषध मारून संपवायचे.
"पेरलेलं मारायचं," तो म्हणाला,
"बापाला हे सांगता आलं नसतं."
आणि फवाऱ्याची टाकी भरायला घेतली,
मोजून, डोळ्यांजवळ खूण धरून.

आठवड्यानं जव पिवळे पडले. पडले नाहीत.
मेलेले, रांगेत उभे,
मुळांच्या मुठीत माती तशीच.
त्याच रात्री पुन्हा वारं सुटलं.
माझ्या भाड्याच्या खोलीची खिडकी थडथडत राहिली
आणि मी अंथरुणात आकडे मांडत पडले,
घोटा, गुडघा, कंबर.

सकाळी काटा काढला.
कमरेच्या सापळ्यात काही नाही.
गुडघ्याच्या, चिमूटभर आणि एक मेलेला भुंगा.
घोट्याच्या सापळ्यात एकेचाळीस ग्रॅम.
बशीभरसुद्धा नाही.
"चांगलं की वाईट?" हेडलीनं विचारलं.
मी म्हटलं, गेलीच आहे थोडी.
जातेच ती. कमी गेली.

नियम असा की तोललेला नमुना टाकून द्यायचा.
कुठे, ते नियमात लिहिलेलं नाही.
मी पिशवी त्याच्या रानात उलटी केली,
वाऱ्याकडे पाठ करून, खाली वाकून.
तो बघत होता, काही बोलला नाही.

मग दारापाशी येऊन
त्यानं बुटाच्या टोकानं पेटी जरा हलवून पाहिली.
एक फळी सैल झालेली.
खिळा ठोकला.
"आणखी एक वर्ष चालेल," म्हणाला,
आणि तिच्यावर पाय देऊन
चहाला वर गेला.